ऐकलेलंच पुन्हा ऐकताना

२२ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑस्बॉर्न गेला. त्याआधी सतरा दिवस, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळच्या चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं होतं. पार्किन्सनने थकलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. पुढचे कित्येक दिवस जगभरच्या रॉकवेड्यांनी सॅबथचे जुने अल्बम काढून ऐकले. आम्ही सिल्वासातल्या मोजक्या मंडळींनीही ऐकले. जी गाणी तोंडपाठ आहेत ती माणूस पुन्हा का लावतो, आणि तोंडपाठ गाण्यातही नवं काही कसं सापडतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे.

सॅबथचं बर्मिंगहॅम आणि आमचं सिल्वासा यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही कारखान्यांची गावं. १९८० नंतर करसवलतींमुळे दादरा आणि नगर हवेलीत कारखाने वाढत गेले. पिपरिया, मसाट, आमळी इथे औद्योगिक वसाहती गजबजल्या आणि पालघर, नाशिक, खानदेशातून मराठी माणसं इथे कामाला आली. शिफ्टची बस, यंत्रांची घरघर, प्रेसच्या ठोक्यांची लय हे इथल्या हजारो लोकांचं रोजचं पार्श्वसंगीत आहे. अशाच ठोक्यांच्या गावात १९७० साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला आणि हेवी मेटल नावाचा प्रकार जन्मला. तरुणपणी ऑझीनेही कारखान्यात नोकरी केली होती. गाड्यांचे हॉर्न तपासून सुरात आणणं हे त्याचं काम होतं.

गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट तर प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. सतरा वर्षांचा टोनी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि त्या दिवशी त्याला नेहमीचं काम सोडून प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली गेली. टोनी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका हाच. डॉक्टरांनी वाजवणं विसर म्हणून सांगितलं. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचा हात आगीत भाजला होता आणि त्या हाताच्या दोनच बोटांनी तो जॅझ गिटार वाजवत असे. ते ऐकून टोनीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्यापासून बोटांसाठी टोपणं घडवली आणि वर कातडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून त्याने बारीक तारा लावल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या १९७१च्या अल्बमात गिटारची पट्टी तीन अर्धस्वरांनी उतरवली, त्यामुळे तारा सैल झाल्या. सैल तारेतून जो खोल, जड, भुईतून आल्यासारखा आवाज निघाला त्यावर पुढच्या पन्नास वर्षांचं मेटल उभं आहे.

मी हा अल्बम कैक वर्षं ऐकत आलो आहे. पण ही हकीकत वाचल्यानंतर त्यातला प्रत्येक रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा फिरणारी चाल, मला वेगळा ऐकू येऊ लागला. गाण्यात काहीच बदललं नव्हतं. मात्र सुरुवातीच्या सुरांमागे आता मला एक जखमी हात दिसतो. पुन्हा ऐकण्यातून जे मिळतं त्यातला मोठा वाटा अशा माहितीचा असतो, असं माझं ठाम मत आहे. कलाकाराविषयी, साधनाविषयी, ध्वनिमुद्रणाविषयी जितकं कळत जातं तितकं गाणं मोठं होत जातं.

आता साधनाकडे येतो, कारण इथे सिल्वासाचा थेट संबंध लागतो. आमच्या पिढीने रॉक कॅसेटवर ऐकलं. फिलिप्सने ही कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणली. तिच्यातली फीत पॉलिएस्टरची, म्हणजे इथल्या कारखान्यांत ज्याचं सूत निघतं त्याच पदार्थाची. सूत करताना वितळलेलं पॉलिएस्टर बारीक छिद्रांतून ओढतात, फितीसाठी त्याची पातळ फिल्म ताणतात आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर देतात. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर. एवढ्या जागेत दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार ट्रॅक बसवायचे. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास ९० मीटर फीत असते आणि तिची जाडी १८ मायक्रॉनच्या आसपास. नव्वद मिनिटांची कॅसेट हवी तर फीत आणखी पातळ, सुमारे १२ मायक्रॉन. म्हणूनच नव्वदची कॅसेट स्वस्त टू-इन-वनमध्ये रोलरला गुंडाळली जायची आणि पेन्सिल घालून सोडवावी लागायची.

इतक्या अरुंद आणि सावकाश फितीवर काय राहतं आणि काय जातं, ते समजून घेण्यासारखं आहे. चुंबकीय कणांच्या थरातून एक बारीक सळसळ सतत ऐकू येते. ती दाबण्यासाठी डॉल्बी पद्धत आली, पण डॉल्बीत भरलेली कॅसेट साध्या यंत्रावर लावली की आवाज टोचायचा. हेडचा कोन किंचित चुकला तर झांजेचा झणत्कार बोथट व्हायचा. मित्राच्या कॅसेटवरून कॉपी, त्या कॉपीवरून आणखी कॉपी, असं करत प्रत्येक पिढीत सळसळ वाढायची आणि वरचे स्वर झिजायचे. दहावी-बारावीत आम्ही जे लेड झेपलिन ऐकलं ते खऱ्या झेपलिनची तिसरी-चौथी सावली होती.

खालच्या स्वरांची तर आणखी आबाळ. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला ४१. टू-इन-वनचा तीन-चार इंची स्पीकर १००च्या खालचं फारसं काही वाजवूच शकत नाही. तरीही बेसची चाल आम्हाला कळत होती, हे कसं? आपला मेंदू वरच्या उपस्वरांमधलं अंतर मोजतो आणि गैरहजर असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. ध्वनिशास्त्रात ही घटना चांगली अभ्यासलेली आहे. टेलिफोनवर पुरुषाचा जाड आवाज जाडच वाटतो, त्याचं कारणही हेच. म्हणजे बेस आम्ही अर्धा ऐकत होतो आणि अर्धा कल्पनेने पुरा करत होतो. पुढे बऱ्यापैकी हेडफोन घेऊन तोच अल्बम लावला की तो खालचा स्वर प्रत्यक्ष छातीत उतरतो आणि माणूस चकित होतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे झेपलिनच्या १९७१च्या चौथ्या अल्बमातलं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत, जिन्याच्या पायथ्याशी, जॉन बॉनमचे ड्रम्स मांडले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन माइक वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत सोडले. ड्रम्सच्या अगदी तोंडाशी माइक ठेवण्याच्या त्या काळात हे धाडसच होतं. त्यामुळे ठोक्याबरोबर त्या उंच पोकळीचा घुमारही फितीवर आला. कॅसेटवर ते ड्रम्स दणदणीत वाटायचे एवढंच. हेडफोनवर ठोका पडल्यानंतरची ती जागा ऐकू येते, भिंती किती लांब आहेत याचा अंदाज येतो. वाचकांनी हे गाणं एकदा शांत खोलीत ऐकावं आणि गाण्याकडे लक्ष न देता प्रत्येक ठोक्यानंतरच्या क्षणाकडे द्यावं.

शांत खोली हा शब्द मुद्दाम वापरला. रोजचं ऐकणं तसं नसतं. वापीकडे जाणाऱ्या बसमध्ये, शिफ्टवरून परतताना, पावसात छपरावर धो-धो आवाज चालू असताना आपण कानात इअरफोन खुपसतो. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती बेसला झाकून टाकते. मग आवाज वाढवतो. यंत्रांजवळ आठ तास काढलेल्या कानांना तर या गोष्टीचा विशेष धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही, पण ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या वरचे स्वर टिपणाऱ्या. झांज आणि गिटारची धार प्रथम हरवते. कारखान्यात कान झाकणारे आमचे रॉकप्रेमी मित्र आपल्या संगीताचीच राखण करत असतात.

आता मेंदूकडे. वयाच्या दहा ते तीस वर्षांतल्या आठवणी उतारवयातही जास्त ठळक असतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं, सगळं त्याच काळात घडतं आणि त्या वेळी कानांवर पडलेलं संगीत त्या घटनांना चिकटून राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पेट्र जनाटा यांनी २००९ साली मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की ओळखीचं गाणं आणि त्याच्याशी जोडलेली स्वतःची आठवण या दोन्हींची गाठ कपाळामागच्या एका भागात पडते. दोन वर्षांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या वॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अंगावर काटा आणणारा क्षण येण्याच्या आधीच, नुसत्या अपेक्षेने, मेंदूत डोपामीन स्रवू लागतं. तो क्षण येतो तेव्हा पुन्हा स्रवतं, पण वेगळ्या भागात.

पुन्हा ऐकण्याचा आनंद यामुळे नीट उलगडतो. गिटारचा सोलो कुठे सुरू होणार हे ठाऊक असतं म्हणून तर वाट पाहता येते. ख्याल ऐकणारा श्रोता समेची वाट पाहतो तेव्हा त्यालाही सम कुठे आहे ते ठाऊकच असतं. एलिझाबेथ मार्ग्युलिस या संगीतशास्त्रज्ञ बाईंनी एक सुंदर प्रयोग केला होता. बेरिओ आणि एलिअट कार्टर यांच्यासारख्या, पुनरावृत्ती टाळणाऱ्या आधुनिक रचनाकारांच्या कृतींत त्यांनी काही तुकडे नुसते परत चिकटवले. श्रोत्यांना ही चिकटवलेली रूपं मूळ रचनांपेक्षा जास्त आवडली. मात्र अति झालं की गोडी कमी होते, हाही अनुभव सर्वांचा आहे. म्हणून मध्ये खंड पडावा लागतो. काही वर्षं एखादा अल्बम बाजूला पडला की अपेक्षा पुरती पुसली जात नाही, थोडी धूसर होते, आणि त्या धूसरपणातच पुनर्भेटीची गंमत असते.

खंडानंतर ऐकताना आपल्याकडे मराठी श्रोत्याची एक शिदोरी असते, ती वापरायला आपण कचरतो. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ घ्या. १९७३चं गाणं, सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचे आवाज. रॉजर वॉटर्सने ते वेगवेगळे मुद्रित केले आणि फितीचे तुकडे मोजून, कापून, त्यांचं एक कडं केलं. गाणं सात मात्रांत चालतं. रूपकाचा ठेका, ती-ती-ना, धी-ना, धी-ना, मनात धरून ऐका. अंतर्गत विभागणी रूपकासारखी काटेकोर नाही, तरी सातांचं आवर्तन हाताला चटकन सापडतं. सॅक्सोफोनचा सोलोही सातातच आहे. मग डेव्हिड गिल्मरची गिटार येते आणि ताल एकदम चारांचा होतो, गाणं धावू लागतं. शाळेत असताना मला तिथे नुसतं बरं वाटायचं. का बरं वाटतं ते मात्रा मोजल्यावर कळलं.

‘कश्मीर’ त्याहून मजेदार. झेपलिनचं हे १९७५चं गाणं. रॉबर्ट प्लँटला शब्द सुचले ते मोरोक्कोच्या वाळवंटातल्या लांब रस्त्यावर. गिटार आणि वाद्यवृंदाची आकृती तीन-तीन मात्रांची, बॉनमचा ठेका चारांचा. दोघं आपापल्या चालीने चालतात आणि दर बारा मात्रांनी एकत्र पडतात. लयकारी ज्याच्या कानावर पडली आहे त्याला हे लगेच कळतं. झेपलिनलाही आपल्या संगीताची ओढ होतीच. १९७२ साली जिमी पेज आणि प्लँट मुंबईत आले, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवून गेले आणि स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. चार वर्षं आधी, १९६८च्या जानेवारीत, ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसननेही मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत काम केलं होतं. आणि फ्रेडी मर्क्युरीचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तयार झाला. रॉकच्या इतिहासात महाराष्ट्राची पानं आहेत, ती आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

आणि सिल्वासाचं? इथे कुठला जगप्रसिद्ध रॉक बँड वाजला नाही. पण संगीताच्या बळावर स्वातंत्र्य मिळवायला निघालेल्या माणसांनी सोडवलेलं हे गाव आहे. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना सुधीर फडके (बाबूजी), राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे, विश्वनाथ नरवणे आदी मंडळींनी सशस्त्र लढ्याची तयारी केली. पैसा हवा होता. १९५४ साली पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यातून निधी उभा राहिला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं. हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी जो कार्यक्रम केला तो १ ऑगस्ट १९७१चा. एखाद्या ध्येयासाठी कलाकारांनी मैदान भरवायचं, ही रॉकच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहिली जाणारी गोष्ट आपल्या बाबूजींनी आणि लताबाईंनी सतरा वर्षं आधी, आमच्या गावासाठी केली. मला याचा फार अभिमान वाटतो.

सिल्वासातल्या रॉकप्रेमीने आणखी एक गोष्ट ऐकावी, ती म्हणजे तारपा. वाळलेला दुधीभोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि पुढे पानांचा कर्णा. वारली तारपकरी श्वास न तोडता एक चाल फिरवत राहतो आणि भोवतीचा फेर त्या चालीवर पावलं टाकतो. चाल बदलली की पावलं बदलतात. रिफ म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? सॅबथ ऐकून घडलेल्या कानाने भातकापणीच्या दिवसांत खानवेलकडच्या पाड्यावर तारपा ऐकला तर एकाच आकृतीत मिनिटामिनिटाला होणारे बारीक बदल टिपता येतात, आणि तिथून परतून रॉक लावलं की तिथेही तेच ऐकू येतं.

जुने अल्बम आता पुन्हा मिसळून, स्वच्छ करून बाजारात येतात. त्यातलं सगळंच चांगलं नसतं. १९९०नंतर आवाज सरसकट चढवण्याची चढाओढ लागली. मेटालिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये तर आवाज इतका दाबून चढवला होता की चाहत्यांनीच तक्रार केली. मृदू आणि तीव्र यांतलं अंतर संपलं की कान लवकर थकतो. उलट तंत्राचा सुंदर उपयोगही झाला आहे. जॉन लेननने १९७०च्या दशकाअखेर घरी पियानोवर गायलेलं एक गाणं साध्या कॅसेटवर होतं. पियानोचा आवाज गळ्याला झाकत होता. १९९५च्या सुमारास ‘बीटल्स’मधल्या बाकीच्या तिघांनी प्रयत्न करून ते सोडून दिलं. पुढे संगणकाला शिकवून गळा आणि पियानो वेगळे करता आले आणि २ नोव्हेंबर २०२३ला ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचं शेवटचं गाणं बाहेर आलं. चाळीसहून अधिक वर्षं एका कॅसेटने तो आवाज सांभाळला होता.

म्हणून कपाटातल्या कॅसेट भंगारात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. परदेशी बँडची गाणी मोबाइलवर मिळतील. पण ८०-९०च्या दशकांतल्या आपल्याकडच्या कितीतरी बँडच्या कॅसेट, कॉलेजच्या कार्यक्रमात कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेली गाणी, मुंबईच्या रंगभवनातल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ला जाऊन आलेल्यांनी भरून आणलेल्या फिती, यांना दुसरी प्रत नाही. आमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा फितीची वैरी आहे. कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट चालू यंत्रात घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाकीच्या कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवा, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा, आणि यंत्राच्या लाइन-आउटमधून संगणकावर न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून दोन्ही बाजू सलग ऐकाव्यात, आणि हे काम येत्या पावसाळ्याआधी करावं.